आधी हलायचं नाही

१ जानेवारी, सकाळी ६.१०
नवी डायरी. संकल्प तीनच. जास्त केले की एकही धड होत नाही, हा गेल्या वर्षीचा अनुभव.
एक: वजन ९७ वरून ८४. मार्चअखेर.
दोन: जुलैत मास्टर्स स्पर्धा आहे. तिथे उतरायचं आणि चाळिशीपुढच्या सगळ्यांना धूळ चारायची.
तीन: लेकीला आपण होऊन फोन करायचा नाही. ती करेल.
ती घर सोडून गेली त्याला आज सव्वीस दिवस झाले. एकोणीस वर्षांची पोर. धीर असून असून किती असणार? माझा अंदाज, पंधरा तारखेपर्यंत.
आत्ता रोलर्सवर, म्हणजे घरातल्या फिरत्या रुळांवर, सायकल मारणार होतो, पण वर्षाच्या पहिल्याच दिवशी गुडघ्यावर ताण नको. उद्यापासून.

४ जानेवारी
संध्याकाळची बॅच. हजर: एक. डेंटिस्ट. वय बावन्न. स्वतः डॉक्टर असून व्यायाम कर हे दुसऱ्या डॉक्टरनी सांगावं लागलं. बाकी तेरा मुलांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत असं पालक म्हणतात. बॅच लहान असली की प्रत्येकाकडे नीट लक्ष देता येतं.
डेंटिस्टनी विचारलं की स्प्रिंट म्हणजे जोरात पळवायची, मग भिंतीवरच्या फोटोत तुम्ही उभे का? समजावलं. रेसमध्ये दोघंच असतात. पुढचा हवा कापतो, मागचा त्याच्या आडोशाने फुकटात येतो आणि शेवटच्या दोनशे मीटरला बाहेरून निघून जातो. पुढच्याला शिवाय सारखी मान वळवून मागे बघावं लागतं. म्हणून पुढे कोणालाच जायचं नसतं. मग दोघंही सायकल जागच्या जागी उभी करतात. ब्रेक नाही, पाय टेकायचा नाही. ज्याचा धीर सुटतो तो हलतो. हलला की संपला.
फोटोतला मी अठ्ठावीसचा. शेजारी शेपटी. (जन्मभर माझ्या मागच्या चाकाला चिकटून राहिला, म्हणून शेपटी.) सतरा मिनिटं उभे होतो. डेंटिस्टनी मान डोलावली. मग विचारलं, जिंकलं कोण? तेवढ्यात त्यांची चेन बघायची होती, ती बघितली.

१९ जानेवारी, दुपारी
मेसेज! तिचा!
बाबा, पुढच्या टायरमध्ये हवा किती ठेवू, इथला ट्रॅक सिमेंटचा आहे. एवढंच.
दोनदा वाचला. मग शांत डोक्याने विचार केला. शेपटीकडे शिकायला गेली आहे ना? मग शेपटीला विचार की. तिथे काय हवा भरायचा पंप नाही? म्हणजे हा प्रश्न नव्हेच. हा चकवा आहे. समोरचा पुढचं चाक नुसतं झटकतो, आपण फसून निघतो, आणि तो आरामात मागे लागतो. बारा वर्षांची असताना हा चकवा तिला मीच शिकवला.
उत्तर द्यायचं नाही. (पुढे १३०, मागे १४०. तिच्या वजनाला. सिमेंटवर.)

२० जानेवारी
उत्तर दिलं नाही.

२१ जानेवारी
दिलं नाही. मजबूत आहे मी.

८ फेब्रुवारी
डेंटिस्ट आज ट्रॅकवर सायकल थांबवायची विसरले. म्हणजे थांबवता येईना. ट्रॅकच्या सायकलची पेडल चाकाबरोबर फिरतच राहतात, हे त्यांना भीतीने आठवेना. बावीस फेऱ्या मारल्या. मी मध्ये उभा राहून हळू, हळू असं ओरडत होतो. शेवटी दमून आपोआप थांबले. स्टॅमिना सुधारतोय, असं त्यांना सांगितलं.
या गडबडीत फोन वाजलेला कळला नाही. तिचा. दोन रिंग, मग बंद. दोन रिंगला फोन म्हणतात का? नाही. मोजणार नाही.

११ मार्च
वाढदिवस. सेहेचाळीस. सकाळी ताईचा फोन. दरवर्षीप्रमाणे आधी रडली, मग ओरडली. म्हणाली, एकट्याने काय करतोस त्या घरात? सांगितलं की एकटा कुठे, रोलर्स आहेत, शेड्यूल आहे, खालच्या मजल्यावरच्या बाई आहेत. (त्या रोलर्सच्या घरघरीबद्दल वर येऊन बोलतात. आठवड्यातून दोनदा. बऱ्या आहेत.)
पार्सल आलं. लेकीचं अक्षर. आत लोकरीच्या दोन गुडघापट्ट्या. चिठ्ठी नाही. पट्ट्या कपाटात टाकल्या. स्वीकारल्या असं दाखवायचं नाही.
दुपारी ४. गुडघा दुखतोय. पट्ट्या घातल्या. फक्त टेस्टिंग म्हणून.

३१ मार्च
वजन ९८. काटा जुना आहे.
एक चांगली गोष्ट. आज पहिल्यांदा दुकानातली तयार पँट मांडीत बसली. तरुणपणी दोन पँटी उसवून एक शिवावी लागायची, एवढ्या मांड्या. हल्ली कपडे चांगले शिवतात.

१७ एप्रिल
रोलर्सवर चाळीस मिनिटांचं टार्गेट. सहाव्या मिनिटाला डावीकडे पडलो, कपाटात. खालच्या बाई वर आल्या, यावेळी घाबरून. पाणी दिलं. खोलीभर बघितलं. म्हणाल्या, पूर्वी दोन सायकलींचा आवाज यायचा. दुसऱ्या रोलर्सवर मी कपडे वाळत घालतो.
लेकीची आई गेली तेव्हा लेक नऊ वर्षांची. शाळेतून आली की मी ट्रॅकवर, मग तीही ट्रॅकवर. ट्रॅकवर बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, हा नियम मी पहिल्याच आठवड्यात केला. बाकीच्या मुलांना वाटायला नको की लाडकी आहे. तिने काटेकोर पाळला. पुढे पुढे घरीसुद्धा भाजी वाढताना सर म्हणायची. शिस्त होती पोरीला.

२५ मे, रविवार
आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.
काल ताईचा फोन. म्हणाली, लेक उद्या माझ्याकडे जेवायला येतेय, तूही ये, आणि तोंड नीट ठेव. म्हणजे हिने हलायचं ठरवलं! पण ताईच्या घरात मी आधी शिरलो तर हललो मी. म्हणून डावपेच. सायकल घेऊन गेलो. ताईच्या बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायच्या. लेक गेटपाशी उतरून आली की सहज भेट.
पहिली ते चौथी फेरी: गेट रिकामं. पाचवी: वॉचमनने सलाम केला. सहावी: वॉचमनने कोण पाहिजे विचारलं. आठवी: वर चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत लेक. केस कापलेत. खांदे भरलेत, म्हणजे शेपटी वजनं बरी मारून घेतो. कठड्यावर वाकून खाली बघत होती. हात वर केला की केस मागे केले ते कळलं नाही. मी मान खाली घालून कोपरा घेतला. वळणाची लाईन अप्रतिम होती. नववी फेरी: ती तिथेच. दहावी: तिथेच. अकरावी: नव्हती. आता जिना उतरत असणार, म्हणून गेटपाशी सायकल उभी केली. पाय न टेकता. अकरा मिनिटं. या वयात! वॉचमन बघत राहिला.
कोणी उतरलं नाही. नंतर ताईने फोनवर सांगितलं की लेकीची तीनची बस होती, मागच्या गेटने रिक्षा मिळते. आणि बरंच काय काय सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक गाढव होतं त्यात.
निष्कर्ष: तिने मैदान सोडलं. ही फेरी माझी.
जेवण राहिलं. ब्रेड होता घरी.

९ जून
मेसेज नाही. दमली असणार. दमलेला माणूस कधीही हलतो. सावध राहायचं.

२२ जून
डेंटिस्टनी भीत भीत विचारलं की गेल्या वर्षी फायनलला नक्की काय झालं? म्हणजे बाहेर चर्चा चालूच आहे. एकदाचं लिहून ठेवतो, नंतर कोणी वेडंवाकडं बोलायला नको.
हल्ली एक नियम आलाय. उभं राहायचं तर फक्त तीस सेकंद. मग स्टार्टर पुढच्याला खूण करतो की हल. नाही हलला तर हरला. मी हा नियम मानत नाही. ज्यांनी केला ते कधी उभे राहिले होते का?
फायनल. लेक पुढे. तिने सायकल उभी केली. काय उभी केली! चाक तसूभर हलेना. मागचीही उभी राहिली. तीस सेकंद झाले, स्टार्टरनी खूण केली. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी तळहात खाली दाबला: उभी राहा. तिने स्टार्टरकडे बघितलं, परत माझ्याकडे. मी तळहात खालीच. ती उभी राहिली. पिस्तूल वाजलं, रेस संपली, दुसरी जिंकली. तांत्रिक निर्णय.
घरी येताना चार तास गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं स्टार्टरवर चिडलीय. आठवड्याने बॅग भरली आणि म्हणाली, मी तिकडच्या सरांकडे जाते. आणि माझ्याकडे बघत उभी राहिली, दारात, बॅग हातात. मीही उभा राहिलो. किती वेळ ते मोजलं नाही. मग ती गेली.
त्याच महिन्यात बाकीच्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. अजून संपल्या नाहीत. हल्ली अभ्यासक्रमच फार वाढलाय.

१३ जुलै
मास्टर्स. पहिला टप्पा, एकट्याने दोनशे मीटर. आठ जण पुढे जाणार होते. मी नववा. किती थोडक्यात हुकलं! (एकूण नऊ होते, पण तो मुद्दा वेगळा.) वारा होता. बंदिस्त ट्रॅकवर वारा कुठून, असं डेंटिस्ट म्हणाले. दार उघडं होतं.
डेंटिस्ट माझी सायकल स्टार्टला धरायला आले होते. दोन्ही हातांनी घट्ट, दात धरतात तशी. सोडायची विसरले. त्यात अर्धा सेकंद गेला असणार.
निकालाचा फोटो काढून ठेवला. कोणाला पाठवायचा ते सुचलं नाही.

२ ऑगस्ट
पार्सलला पाच महिने होत आले, पुढे काही नाही. पाच महिने ती उभी आहे. मानलं पाहिजे. कोणाची लेक!
फोन ट्रॅकच्या कठड्यावर ठेवतो, आवाज मोठा करून. आज वाजला. बँक. क्रेडिट कार्ड हवंय का. त्या मुलीशी जरा बोललो. चांगली बोलत होती. मग तिनेच ठेवला.

१६ ऑगस्ट
काकांशी वाजलं. काका म्हणजे ट्रॅकची फळीन् फळी तीस वर्षं झाडणारे. डेंटिस्टना मी सतरा मिनिटांची गोष्ट सांगत होतो, काका झाडू टेकून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर डेंटिस्टनी परत विचारलं, जिंकलं कोण? काकांनी परस्पर सांगून टाकलं. शेपटी. सतराव्या मिनिटाला शेपटी कंटाळून निघाला. साहेबांच्या पोटऱ्या धरल्या होत्या, साहेब हललेच नाहीत. तो एकटाच दोन फेऱ्या मारून जिंकला. साहेबांना मी आणि स्टार्टरनी उचलून खाली उतरवलं.
डेंटिस्ट माझ्याकडे बघायला लागले. मी शांतपणे सांगितलं की आधी तो हलला. हे कोणी नाकारत नाही. नैतिक विजय माझा. फोटो माझा आहे, पेपरात फोटो माझ्यामुळे आला. काका म्हणाले, हो, पदक त्याच्याकडे आहे.
काकांशी आठ दिवस बोलायचं नाही.

१७ ऑगस्ट
काकांनी आधी हाक मारली, चहा दिला. प्यायलो. गरम होता म्हणून.

१ सप्टेंबर
संघटनेच्या सेक्रेटरींचा फोन! यंदाची राष्ट्रीय स्पर्धा आपल्या ट्रॅकवर. तुम्ही हवेच आहात, म्हणाले. जुन्या खेळाडूंचा सत्कार असणार. ब्लेझर काढून ठेवला. बटण लागतं, श्वास घेतला नाही तर.
ती येणार. नाव यादीत आहे. माझ्या ट्रॅकवर, माझ्या समोर. आता कुठे जाणार? माझ्याकडे बघितल्याशिवाय तिला रेस खेळता येत नाही. दहा वर्षं प्रत्येक रेसला मी मागच्या सरळीला, म्हणजे पलीकडच्या सरळ पट्ट्यात, कठड्याशी आणि ती वळणातून बाहेर येताना माझ्याकडे बघणार. एकदा बघितलं, की हलली. मग मी हसेन. मग जेवायला घरी. भात, अंडी. तिची खोली झाडून घेतली. वाळत घातलेले कपडे तिच्या रोलर्सवरून काढले.

१४ सप्टेंबर, सकाळी ७
सत्कार नाही. एक प्लास्टिकची खुर्ची, एक स्टॉपवॉच आणि गळ्यात ओळखपत्र. काम: दोघी उभ्या राहिल्या की तीस सेकंद मोजायचे आणि हात वर करायचा. म्हणजे जो नियम मी मानत नाही तो पाळायला मलाच बसवलंय. सेक्रेटरी म्हणाले, अनुभवी माणूस हवा होता, बाकी कोणी मोकळं नव्हतं. स्वीकारलं. जागा मोक्याची आहे. ऐन मागच्या सरळीला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
फायनल. लेक पुढे. ट्रॅक वेगळा, गोष्ट तीच. तिने सायकल उभी केली. मागची उभी राहिली. मी घड्याळ दाबलं.
ठरवलं होतं. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, आता लिहितो. ठरवलं होतं की तिने माझ्याकडे बघितलं की या वेळी हात वर करायचा, तीस झाले असोत नसोत. जा म्हणायचं. गेल्या वर्षीचा तळहात एकदाचा पुसून टाकायचा. माझा हात अर्धा उचललेला होता. पाच. सहा. माझ्यापासून वीस फुटांवर होती. घाम दिसत होता. आठ. नऊ.
अकराव्या सेकंदाला ती निघाली. कोणाकडेही न बघता. पुढून, हवा कापत, दोन फेऱ्या. मागची तिला गाठूच शकली नाही. जिंकली. लोक उभे राहिले. मी उभाच होतो, हात अर्धा वर.
नंतर ती रिवाजाप्रमाणे पंचांच्या टेबलापाशी आली. स्टार्टरशी हात मिळवला. थँक यू सर. जजशी. थँक यू सर. मग माझ्याशी. हात गरम होता, ओला. थँक यू सर. एक क्षण थांबली. मी ब्लेझर सावरला. मग ती पुढच्या पंचाकडे गेली. कठड्यापलीकडे शेपटी उभा होता, टॉवेल घेऊन.
घरी आलो. खिशात काहीतरी टिकटिकत होतं. स्टॉपवॉच. थांबवायचं राहिलंच होतं. एक तास बावन्न मिनिटं.

१५ सप्टेंबर
चारचौघांत सर म्हणाली. किती योग्य. ट्रॅकवर बाबा म्हणायचं नाही. शिस्त टिकून आहे, याचं श्रेय
पुढे लिहवत नाही. भात चौघांना पुरेल एवढा केला होता. खालच्या बाईंना नेऊन दिला.

२१ सप्टेंबर, दुपारी
ताई आली. फोन नाही, स्वतः, तीन जिने चढून. धाप लागली होती तरी आधी बोलली, मग बसली. म्हणाली, पोरीने किती वेळा हात पुढे केला मोज. मी म्हटलं, एकदाही नाही, माझ्याकडे लेखी नोंद आहे. म्हणाली, आण.
डायरी आणली. ती चष्मा लावून वाचायला लागली. मी शेजारी बसलो. १९ जानेवारी. तिने बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं. ८ फेब्रुवारी. बोट. ११ मार्च. माझ्या गुडघ्यावरच्या पट्ट्यांकडे बघितलं. २५ मे. इथे तिने डायरी मिटली. म्हणाली, त्या दिवशी बाल्कनीतून ती तुला हाका मारत होती रे, प्रत्येक फेरीला. तू मान खाली घालून निघून जायचास. मग आत येऊन पानावर बसली आणि जेवलीच नाही.
हाका मला ऐकू आल्या नव्हत्या. वारा होता. खरंच होता.
ताई जाताना म्हणाली, तुझ्या खेळातलं मला काही कळत नाही, पण ती उभी नाहीये. ती कधीच पुढे गेली. उभा फक्त तू आहेस.

२१ सप्टेंबर, दुपारी ३.२०
पाठवलं. आठ महिन्यांपूर्वीच्या मेसेजखाली. पुढे १३०, मागे १४०. सिमेंटवर. खाली लिहिलं: बाबा. हे शेवटचं लिहायला तीस सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. हात वर करायला कोणी नव्हतं.
३.२५. दोन टिक.
३.५०. दोन टिक. ते टायर तिने कधीच बदलले असतील. १३० चा तिला आता काही उपयोग नाही, हे मला कळतं. तरी.
४.१०. फोन वाजला! धावताना रोलर्सवर पाय आपटला. डेंटिस्ट. उद्या बॅच आहे का विचारत होते. आहे म्हटलं.
५.००. आता मी पुढे आहे. पुढच्याला सारखं मागे बघावं लागतं. दर दोन मिनिटांनी बघतोय. अजून कोणी नाही.